परक्या मनुष्यापाशी साक्ष देण्याचे भय

शास्त्रपाठ : योहान, अध्याय 4, ओव्या 1 ते 42. घरी वाचून यावे : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18, ओव्या 1 ते 11.

आजचा पाठ आपल्या मंडळ्यांतून अनेक वेळा वाचला गेला आहे. जिवंत पाण्याविषयी आणि आत्म्याने व खरेपणाने करावयाच्या उपासनेविषयी आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत. तो मोठा विषय आज बाजूस ठेवून ह्या अध्यायातील एका लहानशा गोष्टीकडे पाहू, कारण तिजकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती ही की, त्या दिवशी विहिरीपासून सूखार गावात दोन वेळा माणसे गेली. पहिल्याने शिष्य गेले, आणि मागाहून ती स्त्री गेली.

शिष्य अन्न विकत घेण्याकरिता गेले होते. त्यांनी दुकान शोधिले असेल, भाव विचारिला असेल, पैसे मोजून दिले असतील. म्हणजे गावच्या लोकांशी त्यांचे बोलणे मुळीच झाले नाही असे नव्हे. ज्याच्या संगतीत ते रात्रंदिवस राहत होते तो तर त्या वेळी गावाबाहेर थोड्याच अंतरावर विहिरीच्या काठी बसला होता. तथापि ते परत आले ते केवळ भाकरी घेऊन. त्यांच्या मागे एकही मनुष्य आला नाही. त्यानंतर ती स्त्री आपली घागर तेथेच टाकून त्याच गावात गेली, आणि थोड्याच वेळात गावचे लोक शेतांतून चालत विहिरीकडे येऊ लागले. जे शिष्य प्रभूला पूर्ण ओळखीत होते त्यांनी कोणास आणिले नाही. जिला त्याची ओळख होऊन घटकाभरही झाला नव्हता तिने गाव आणिला.

शिष्य मुके का राहिले हे योहान सांगत नाही. परंतु आपणांस तर्क करिता येतो. यहूदी व शोमरोनी यांचे वैर जुने होते. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात यहूद्यांचा अधिपती योहान हर्कान याने गरिज्जीम डोंगरावरील शोमरोन्यांचे मंदिर पाडून टाकिले होते, आणि ती आठवण सूखारच्या घराघरांत असलीच पाहिजे. अशा परक्या व रागावलेल्या गावात मनुष्य काय करितो? आपले काम उरकितो, मान खाली घालितो, आणि निघून येतो.

हे मी शिष्यांस नावे ठेवण्याकरिता लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी नगरहून शेवगावास एस. टी.च्या मोटारीने जात होतो. मांडीवर पिशवी होती व पिशवीत कापडात गुंडाळलेले पवित्र शास्त्र होते. शेजारी एक वृद्ध शेतकरी बसला होता. मोटारीच्या हिसक्यांनी कापड सरकले आणि पुस्तकाची कड दिसली. तो म्हणाला, "मास्तर, पोथी हाय का?" मी म्हणालो, "नाही बाबा, हिशेबाची वही आहे." असे मी का म्हणालो हे मला त्या क्षणी समजले नाही, शब्द तोंडातून निघून गेले. तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने, बाहेर पाहत तो म्हणाला, "पोथी असती तर म्हनलो असतो, दोन वळी वाचा. नातू दवाखान्यात हाय. जीव थाऱ्यावर न्हाई." मग त्याचा थांबा आला व तो उतरला. त्याचे गाव कोणते, नातू वाचला की नाही, हे मला आजपर्यंत ठाऊक नाही. त्यापूर्वी कित्येक वर्षे मी रविवारच्या वर्गास हाच योहानाचा चौथा अध्याय शिकवीत होतो.

पुढे मी आपल्या मनाची झडती घेतली की मला कशाचे भय वाटले. मोटारीत पंधरावीस माणसे होती. पुस्तकाचे नाव घेतले म्हणजे "तुम्ही कोण?" हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाखाली दुसरा कोणता प्रश्न दडलेला असतो हे आपणां खेड्यातील ख्रिस्ती लोकांस सांगावयास नको. कोणी हसेल, कोणी "धर्म बुडवावयास आला" असे म्हणेल, कोणी वेदान्तातील असा मुद्दा काढील की ज्याचे उत्तर मला देता येणार नाही. हे सर्व होतेच. पण तळाशी आणखी एक भय होते, आणि ते सर्वांत मोठे : ह्या मनुष्यास मी जे सांगेन त्याप्रमाणे माझे चालणे आहे काय? हे भय जोवर आपण उघड बोलून दाखवीत नाही तोवर "धीर धरा, साक्ष द्या" असा उपदेश व्यासपीठावरून कितीही केला तरी फुकट आहे.

तसेच, हे भय निव्वळ मनाचे खेळ आहेत असेही कोणी समजू नये. बाप्तिस्मा घेतल्यामुळे ज्यांचे बलुते बंद झाले, ज्यांस भाऊबंदांनी घराबाहेर काढिले, अशांच्या कथा आपल्या घरोघरी आजोबा-आजी सांगत आल्या आहेत. आजही परक्या गावात धर्माविषयी तोंड उघडताना मनुष्य मागेपुढे पाहतो, व कायद्याचे नाव ऐकून कित्येक उपदेशक गोंधळून जातात. म्हणून एवढे समजून असावे. राज्यघटनेचे 25 वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांस बाध न येता आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास देते. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ह्याचा अर्थ असा लाविला की, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा प्रसार होय; दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा कोणाचा हक्क नव्हे. जबरदस्ती, कपट व लालूच यांविरुद्ध कित्येक राज्यांत कायदेही आहेत. आपल्या राज्यात काय नियम आहे हे पाळकांस किंवा जाणत्या वकिलास विचारून घ्यावे. आता विहिरीवर बसलेल्या प्रभूकडे पाहा. त्याच्यापाशी जबरदस्ती कोठे आहे? लालूच कोठे आहे? त्याच्याजवळ तर पोहरादेखील नव्हता.

भय वाटणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे मानून पुष्कळ भाविक माणसे स्वतःस दोष देत बसतात. त्यांनी करिंथातल्या पौलाची दशा वाचावी. फिलिप्पैत त्याला फटके बसले व तो तुरुंगात पडला. थेस्सलनीकातून व बिरुयातून त्याला रातोरात किंवा घाईने निघावे लागले. अथेनैत लोकांनी त्याची थट्टा केली. अशा स्थितीत तो करिंथास पोहोचला, आणि आपण तेथे अशक्तपणात, भीत भीत व थरथर कापत होतो हे त्याने पुढे स्वतःच त्या मंडळीस पत्रात लिहिले (1 करिंथ, अध्याय 2, ओवी 3). प्रभूने रात्री दर्शन देऊन त्याला भिऊ नको असे सांगितले. जो भीतच नाही त्याला असे कोण सांगेल? दर्शनात प्रभूने आणखी एक कारण दिले : ह्या शहरात माझे पुष्कळ लोक आहेत. ते लोक पौलाला अद्याप दिसले नव्हते. ते कोठल्यातरी दुकानात, कोठल्यातरी घरात, परके म्हणूनच राहत होते. पौल तेथे दीड वर्ष राहिला, अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांजबरोबर राहुट्या करण्याचा धंदा करीत राहिला, आणि त्याची भीती एका रात्रीत नाहीशी झाली असे लूक कोठेही म्हणत नाही.

आता विहिरीकडे वळू, कारण परक्या मनुष्याशी बोलावे कसे हे तेथे दिसते.

वेळ भर दुपारची आहे. प्रभु चालून थकला आहे आणि तहानेला आहे. तो आरंभ कसा करितो? पाणी मागून. शोमरोन्याच्या हातचे, शोमरोन्याच्या भांड्यातील पाणी यहूद्याने मागावे ह्याचे त्या स्त्रीला इतके आश्चर्य वाटले की ती पाणी द्यावयाचे सोडून कारण विचारू लागली. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत असे आपल्या भाषांतरात आहे. कित्येक शास्त्री तेथील ग्रीक शब्दाचा अर्थ ते एकमेकांची भांडी वापरीत नसत असा करितात. हे वचन समजावयास युरोपातील टीकाकारांस मोठमोठे ग्रंथ उघडावे लागतात. आपणांस ते आजीने शिकविलेले आहे. ज्यांच्या आज्या-पणज्या पाणवठ्यापासून दूर उभ्या राहून, कोणीतरी वरून घागरीत पाणी ओतील म्हणून वाट पाहत असत, ज्यांच्या लोकांस सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीने पिण्याकरिता 1927 सालच्या 20 मार्चला महाडास डॉ. आंबेडकरांबरोबर चवदार तळ्यावर जावे लागले, त्यांस ह्या मागण्याचा अर्थ कोणी सांगावयास नको. जगाच्या रीतीप्रमाणे ज्याने तिच्यापासून दूर सरकावयाचे, तो तिचे उपकार घेऊ इच्छितो. तो देणारा होऊन येत नाही, मागणारा होऊन येतो.

येथे आपली नेहमीची चूक दिसून येते. आपण परक्यापाशी जातो तेव्हा आपल्यापाशी आहे व त्याच्यापाशी नाही असे गृहीत धरून जातो. मग तो मनुष्य मागे सरकतो, त्याचे मागे सरकणे पाहून आपणांस भय वाटते, आणि भय झाकण्याकरिता आपण अधिक मोठ्याने बोलतो. बाजाराच्या दिवशी पेठेत उभे राहून दुसऱ्यांच्या दैवतांची निंदा करणारे उपदेशक मी लहानपणी ऐकिले आहेत. त्या ओरडण्यास त्या वेळी धैर्य म्हणत असत. मला आता वाटते की त्यातील बराच भाग भीतीच होती. त्यांपैकी कोणी कधी बाजारातल्या एखाद्या माणसापाशी प्यावयास पाणी मागितले असेल की नाही, शंका आहे.

त्या मोटारीत मी काय करावयास पाहिजे होते? प्रथम "होय बाबा, पोथी आहे" एवढे खरे बोलावयाचे होते. मग नातवाविषयी विचारावयाचे होते, आणि ऐकावयाचे होते. तो स्वतः दोन ओळी मागत होता. परका मनुष्य आपणांस वाटतो तितका परका नसतो. बहुधा त्याच्या उराशी एखादे ओझे असते, आणि ते कोणापाशी उतरावे ह्या शोधात तोही असतो.

त्या स्त्रीविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. आमच्या उपदेशांतून तिला फार झोडपण्यात आले आहे. तिचे पाच नवरे झाले हे खरे, पण ते मेले की त्यांनी तिला टाकिले हे शास्त्र सांगत नाही. लाजेमुळे ती दुपारी पाण्यास आली असेही शास्त्रात नाही, ते आपण घातलेले आहे. जिला पाच वेळा घर बदलावे लागले ती बाई पापी असेल तशी फार दुःखीही असेल. कसेही असो, गावात तिची प्रतिष्ठा नव्हती असे मानण्यास जागा आहे. धर्मज्ञान म्हणावे तर डोंगरावर भजावे की यरुशलेमेत, हा वाद तिला माहीत होता, आणि बोलणे जवळ येऊ लागताच तिने तो वाद मधे आणिला. आपल्याशी बोलणारेही असेच करितात : हृदयाची गोष्ट निघाली की देवळांचा वाद काढितात. प्रभूने तो वाद टाळिला नाही व त्यात जिंकण्याचा प्रयत्नही केला नाही. त्याने त्या प्रश्नातून तिला पित्याकडे नेले.

मग ती गावात गेली. तिने काय सांगितले ते पाहा. तिने सिद्धान्त सांगितला नाही, कारण तिला तो येत नव्हता. आपणांस ज्याने सर्व काही सांगितले त्याला येऊन पाहा, एवढेच तिने म्हटले. आणि शेवटी तिने प्रश्न विचारिला की तो ख्रिस्त असेल काय? मूळ ग्रीक वाक्याची ठेवण फार नरम आहे, जणू बोलणारीस अजून पुरती खात्री नाही. अर्ध्या खात्रीच्या ह्या साक्षीने गाव हलला! आणि जी गोष्ट ती आजवर झाकीत होती, तिच्याच उल्लेखाने तिने आरंभ केला. आपले चालणे निर्दोष नाही ह्या भयाला येथे उत्तर आहे. तिचे चालणे निर्दोष असते तर तिच्याजवळ सांगावयास काय होते?

ह्याच अध्यायाचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. 1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडात होत्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या वतीने लंडनमध्ये फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांकरिता चाललेले काम त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांस समाज दूर लोटितो त्यांची ह्या भगिनी एवढी काळजी का घेतात, असे त्यांनी आपणांस शिकविणाऱ्या भगिनीस विचारिले. त्या भगिनीने वादविवाद केला नाही. तिने प्रभूची व शोमरोनी स्त्रीची ही गोष्ट वाचून दाखविली व समजावून सांगितली. रमाबाई संस्कृतात पारंगत. त्यांच्याशी शास्त्रार्थ करू म्हणणारा सहज हरला असता. त्याच वर्षाच्या 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावास मुक्ती मिशनमध्ये त्यांनी किती निराश्रित स्त्रियांस जवळ केले हे आपणांस ठाऊकच आहे. त्या गोष्टीचे बी एका वाचून दाखविलेल्या अध्यायात आहे.

दुसरे उदाहरण अगदी अनोळखी मनुष्याचे आहे. 1893 साली नारायण वामन टिळक राजनांदगावास जाण्याकरिता आगगाडीत बसले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. तो टिळकांशी आदराने वागला, बोलणे काव्याविषयी निघाले, पुढे ते धर्माकडे वळले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेही तो म्हणाला, जे त्या वेळी टिळकांस अगदी असंभवनीय वाटले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले तेव्हा त्यांस ते खाली ठेववेना. 1895 सालच्या 10 फेब्रुवारीस मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या कवीची पदे गाऊन आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्या भजन करितात, त्याच्या हाती शुभवर्तमान प्रथम देणारा तो केवळ एक सहप्रवासी होता. 

मात्र ही गोष्ट सांगताना आपण एक भाग गाळितो, तो गाळू नये. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवराबायको कित्येक वर्षे दुरावली, आणि लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली, त्यांच्या स्वतःच्या मनाच्या वाटेने चालून झाला. परक्या मनुष्यास आपण पुस्तक देतो तेव्हा त्याच्या घरी बायको, आई, लेकरे आहेत हे विसरू नये. त्याच्या घराचा विचार न करिता त्याला घाई करणारा उपदेशक धीट म्हणविला जाईल, परंतु तो मेंढपाळ नव्हे. सूखारात प्रभु दोन दिवस राहिला, तोही गावकऱ्यांनी राहा म्हणून विनविले तेव्हा.

पाठाच्या शेवटल्या ओव्यांत भित्र्या साक्षीदारास मोठा विसावा आहे. गावचे लोक त्या स्त्रीला म्हणाले की आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावरून नाही. आम्ही स्वतः ऐकिले आहे. कोणास वाटेल की त्यांनी तिचा अपमान केला. मला तर वाटते, हे ऐकून तिचे ओझे उतरले असेल. तिला कोणाची खात्री पटवावयाची नव्हती. तिला विहिरीचा रस्ता दाखवावयाचा होता. आपणांस ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही त्याला "मला येत नाही, आमच्या पाळकांस विचारीन" असे म्हणावे आणि खरोखर विचारावे. आपले उत्तर चुकले तरी ख्रिस्त त्यामुळे खोटा ठरत नाही. तसेच कोणी नको म्हटले तर राम राम करून उठावे, पुढल्या भेटीचा दरवाजा उघडा राहील असे उठावे. पेत्र आपल्या पत्रात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सिद्ध असावे असे सांगून लगेच सौम्यता व आदर यांची अट घालितो (1 पेत्र, अध्याय 3), आणि हा तोच पेत्र आहे, ज्याने अंगणातील शेकोटीपाशी एका दासीला भिऊन प्रभूला नाकारिले होते. माझ्या हिशेबाच्या वहीची आठवण झाली की मी त्याच्याकडे पाहतो.

तेव्हापासून मी शास्त्रावरचे ते कापड काढून टाकिले आहे. पुस्तक पिशवीत उघडे असते. पुष्कळदा कोणी काही विचारीत नाही. विचारले तर छातीत अजून धडधडते.

वर्गशिक्षकांनी आज मुलांस व मोठ्यांस असे विचारावे : शिष्यांनी सूखारच्या दुकानदाराशी काय बोलणे केले असते? ह्या आठवड्यात पाणी, रस्ता किंवा मदत तुम्ही कोणा परक्यापाशी मागितली काय, आणि मागताना त्याच्या तोंडाकडे पाहिले काय? ज्यांस सांगावयाचे असेल त्यांस आपला भित्रेपणाचा अनुभव सांगू द्यावा, आणि कोणी हसू नये.

पुढील रविवारचा पाठ : रथात बसलेला हबशी अधिकारी व फिलिप्प. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8, ओव्या 26 ते 40.